बसायला शिकवणारी डिग्री

चांगुणा आणि मी एकाच वर्षी बारावी पास झालो, १९८१ साली. दोघींचे वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, राहायला एकाच चाळीत समोरासमोर, आणि मार्क असे की डॉक्टर होण्याइतके चांगले नाहीत आणि घरी बसवण्याइतके वाईटही नाहीत. मी डी.एड. केलं आणि बदलापूरला मास्तरीण झाले. चांगुणा मुंबईला जाऊन बी.एस.डब्ल्यू. झाली, म्हणजे समाजकार्याची पदवीधर. कोणाचं शिक्षण जास्त महाग पडलं, यावर आम्ही पुढे कितीतरी वर्षं भांडलो. मास्तरीण असल्यामुळे मला दिसेल त्या गोष्टीला गुण देण्याची खोड आहे. चांगुणाच्या डिग्रीला मी बरीच वर्षं पस्तीसच्या वर गेले नाही.

चाळीत तर त्या डिग्रीचा अर्थच कोणाला लागत नव्हता. डॉक्टर सुई टोचतो, वकील काळा कोट घालतो, मास्तरीण छडी उगारते. ही काय करणार? समाजसेवा करणारे आमच्याकडे निवडणुकीच्या आधी उगवायचे आणि सगळं फुकट करतो म्हणून सांगायचे. जे काम लोक फुकट करतात ते शिकायला कॉलेज कशाला, असं माझी आई राजाबाई म्हणायची, आणि तिला उत्तर देणं सोपं नव्हतं.

मी चांगुणाला खर्चही समजावून सांगितला. फी फार नव्हती. पण तीन वर्षं रोज अंबरनाथ ते मुंबई, शिकवणं सगळं इंग्रजीतून, आणि आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क, म्हणजे झोपडपट्ट्यांतून आणि दवाखान्यांतून स्वतःच्या पैशांनी हिंडायचं. डी.एड. दोन वर्षांत उरकतं आणि एकदा शाळेत चिकटलं की जन्माची भाकरी. तिचे वडील धोंडिबा माझ्या या हिशेबाला भुलले नाहीत. त्यांना सगळी चाळ अण्णा म्हणायची. बायको लवकर गेलेली, ही एकुलती एक मुलगी, तिचं नाव त्यांनी स्वतःच्या आईवरून ठेवलेलं. समाज हा शब्द नुसता ऐकूनच त्यांची छाती फुगायची. समाजाचं काम शिकवाया कॉलेज निघालंय आन् तू पोरीला आडवतीस व्हय गं सखू, असं म्हणून त्यांनी मला गप्प केलं.

तीन वर्षांनी ती पास होऊन आली तेव्हा मी नोकरीला लागले होते, पगार घेत होते आणि माझं लग्नही ठरलं होतं. साहजिकच माझी मान ताठ होती. मी विचारलं, तीन वर्षांत शिकलीस तरी काय?

ती म्हणाली, "बसायला शिकले."

मला कळेना. तेव्हा तिने सांगितलं की दुःखात असलेल्या माणसाजवळ नुसतं बसणं अवघड असतं. आपण एक तर उपदेश करायला लागतो, नाही तर उठून जायला निमित्त शोधतो. मी पोट धरून हसले. बसायला आमची पहिलीची पोरं एका दिवसात शिकतात, म्हणाले. तीही हसली. तेव्हा ती हसायची.

नोकरी तिला उल्हासनगरला लागली, एका सिंधी शेठने वडिलांच्या नावाने काढलेल्या हॉस्पिटलात. गरीब पेशंटची बिलं कमी करून देणं, औषधांची सोय बघणं, रस्त्यावरून उचलून आणलेल्या माणसाचं घर शोधणं, अशी कामं होती. घरी टेलिफोन असण्याचे ते दिवस नव्हते. पेशंट दगावला आणि जवळ नातेवाईक नसला की नाथा नावाचा वॉर्डबॉय सायकलवरून निरोप द्यायला जायचा. नाथा मनाने वाईट नव्हता, पण त्याला घाई फार. एकदा त्याने रस्त्यावरूनच हाक मारून सांगितलं, आणि ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली बाई उठता उठता पायऱ्यांवरून खाली कोसळली. त्यानंतर चांगुणा म्हणाली, यापुढे मी जाईन. शेठला हायसं वाटलं. बेटी, ये काम तुमसे अच्छा कौन करेगा, असं तो म्हणाला, आणि ते काम तिच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

ती कशी सांगायची ते मी तिच्याच तोंडून ऐकलं आहे. चपला बाहेर काढायच्या आणि आत जायचं. घरच्या माणसाला म्हणायचं, आधी बसा. आपणही त्याच्याजवळ जमिनीवर बसायचं. मग गेलेल्याचं पूर्ण नाव घ्यायचं आणि गेले म्हणूनच सांगायचं. सिरियस आहे, लवकर या, असलं अर्धवट बोलायचं नाही, कारण त्या आशेवर माणूस रस्ताभर धावत येतो. आणि सांगून झालं की उठायचं नाही. शेजारपाजार जमेपर्यंत, पहिलं रडणं ओसरेपर्यंत तिथेच बसायचं.

यात वाईट काय आहे? काहीच नाही. फक्त चार-पाच वर्षांत विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत गल्लोगल्ली तिचा चेहरा माहीत झाला. फिकट सुती साडी, खांद्याला शबनम पिशवी, ही बाई वळणावर दिसली की बायका हातातलं काम टाकून बघत राहायच्या, ती कोणाच्या दारात थांबते. आपलं दार ओलांडून पुढे गेली की जीव भांड्यात पडायचा. रागाने तिला कोणी बोललं नाही. पण ये, चहा घे, असंही कोणी म्हणायचं नाही.

अण्णांना हे उशिरा कळलं, चाळीतल्याच कोणीतरी सांगितलं तेव्हा. मी त्या दिवशी माहेरी होते आणि दार समोरच असल्यामुळे सगळं ऐकलं. अण्णा नगरकडच्या एका खेड्यातले. गावाबद्दल ते कधी बोलत नसत, त्या दिवशी बोलले. गावात कोणी मेलं की परगावच्या नातलगांना सांगावा पोचवायचा, हे काम महारकीतलं, आणि तरुणपणी ते त्यांच्या वाट्याला आलं होतं. उन्हातान्हात कोसच्या कोस जायचं, पाहुण्याच्या अंगणाबाहेर उभं राहून ओरडून सांगायचं आणि पाठ फिरवायची. कोणी बस म्हणायचं नाही. पाणी दिलंच तर वरून ओंजळीत. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी महारकी सोडली, गाव सोडलं, आणि पुन्हा मर्तिकाचा निरोप तोंडातून काढणार नाही असं ठरवलं.

"जे म्या टाकून दिलं," ते म्हणाले, "ते तू डिग्री घिऊन परत उचाललंस."

चांगुणाने समजावून पाहिलं. हे काम कोणी लादलं नाही, मी मागून घेतलंय, मी दारात उभी राहत नाही, असं सगळं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले ते बसले. त्यानंतर त्यांनी तिला कामाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. ती थकून यायची, ते ताट वाढून ठेवायचे, दोघं समोरासमोर जेवायची आणि भांडी घासून झोपायची. भांडण असतं तर बरं, असं ती मला म्हणायची. दिवसभर परक्या घरांत रडणं ऐकून यायचं आणि स्वतःच्या घरात कोणी 'दमलीस का' म्हणूनही विचारायचं नाही. मला विचाराल तर तिच्या डिग्रीचा खरा खर्च हा होता. फी आणि लोकलचा पास या किरकोळ गोष्टी.

मी तिला म्हणाले, सोड ती नोकरी.

"मग नाथा जाईल," ती म्हणाली.

मध्यंतरी विठ्ठलवाडीचं एक स्थळ आलं होतं. मुलगा एस.टी. डेपोत कारकून, स्वभावाने गरीब, त्याला चांगुणा आवडलीही होती. पोहे झाले, नाव-गाव-शिक्षण झालं. मग मुलाची आत्या तिच्याकडे निरखून बघायला लागली आणि हातातली बशी तिने खाली ठेवली. तिचा भाऊ वारला तेव्हा निरोप घेऊन आलेली ती हीच. बाईने तिला नावं ठेवली नाहीत. उलट त्या दिवशी फार सांभाळलंत हो आम्हाला, असं म्हणून डोळे पुसले. पण रोज सकाळी उठून त्या दिवसाची आठवण करून देणारं तोंड कोण घरात आणेल? स्थळ पुन्हा फिरकलं नाही.

माझ्या मुलाच्या नामकरणाला, अठ्ठ्याऐंशी साली, चांगुणा सगळ्यांच्या आधी आली. ड्युटीवरूनच आली होती, शबनममध्ये बाळासाठी स्वतः शिवलेलं झबलं होतं. दार माझ्या सासूने उघडलं, मोतीबाईंनी. आधीच्याच महिन्यात चांगुणा आमच्या शेजारच्या घरी निरोप घेऊन आली होती, ते सासूबाईंच्या डोळ्यांसमोर होतं. त्यांनी तिला पाहिलं मात्र, आणि 'माझा भीमराव' असा हंबरडा फोडून दारातच बसल्या. भीमराव म्हणजे माझा नवरा. तो मागच्या खोलीत पाळण्याला फुगे बांधत होता. तो बाहेर आला, त्याला चाचपून बघितल्यावर सासूबाई शांत झाल्या, आणि मग सगळे हसले. पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरात तो किस्सा झाला. चांगुणाही हसल्यासारखं करत होती. झबलं पाळण्यात ठेवून ती जेवायच्या आधीच निघाली. मी फाटकापर्यंत गेले, हाताला धरून थांब म्हणाले. तिने हात सोडवून घेतला आणि म्हणाली, "मला कोणाकडे नुसतं जाता येत नाही गं आता."

एक्क्याण्णवच्या मे महिन्यात मी सुट्टीला माहेरी आले तर चांगुणा तापाने फणफणलेली. मी तिच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसले. अण्णा रिटायर झाले होते, ते दाराशी खाटेवर. दुपारी नाथा सायकल हाणत आला. बारवी धरणाकडच्या पाड्यावर हिंदुराव नावाचा शेतकरी होता, त्याचा मुलगा सुदाम सकाळी हॉस्पिटलात वारला होता. हिंदुराव आदल्याच दिवशी शेतीची कामं बघून येतो म्हणून घरी गेलेला. ताई येत नसतील तर मीच निघतो, नाथा म्हणाला, आणि हे बोलताना त्याने सायकलवरून दुसरा पाय खाली टेकवलाही नव्हता. चांगुणा उठली, भिंतीला धरून दोन पावलं गेली आणि खाली बसली.

अण्णांनी खुंटीवरचा सदरा काढला.

"अण्णा, तुम्ही नको," चांगुणा म्हणाली.

ते बटणं लावत राहिले. मग आमच्याकडे पाठ ठेवूनच त्यांनी विचारलं, "आत गेल्याव काय करायचं आसतं?"

इतक्या वर्षांत त्यांनी तिला तिच्या कामाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. तिने तापातल्या कोरड्या तोंडाने सगळं सांगितलं. चपला बाहेर. आधी बसा म्हणायचं. आपणही बसायचं. पूर्ण नाव. अर्धवट बोलायचं नाही. उठायचं नाही. माझ्या वर्गातलं पोर कविता पाठ करताना ओठ हलवतं तसे अण्णा ओठ हलवत ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, आमाला सांगून पाठ फिरवाया शिकवलं हुतं. आणि निघाले.

त्या दिवशी ते परतलेच नाहीत. चांगुणा सारखी दाराकडे बघत होती. त्यांनी आयुष्यात एकच शपथ घेतली होती आणि ती माझ्यापायी मोडली, असं घोकत होती. मी तिला काही तरी समजावायला लागले, मग माझ्याच लक्षात आलं की मी उपदेश करतेय, आणि गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा आले. पाय धुळीने पांढरे झालेले. मोरीत पाय धुऊन खाटेवर बसले आणि सांगायला लागले. घरात सुदामची आई कौसाबाई एकटीच होती. त्यांनी तिला बसवलं, स्वतः बसले, आणि सांगितलं. तिने त्यांचा हात धरला तो हिंदुराव शेतावरून येईपर्यंत सोडला नाही. मग सुदामला घरी आणेपर्यंत आणि सगळं उरकेपर्यंत ते तिथेच थांबले. मला राहवलं नाही, मी विचारलं, जात विचारली का त्यांनी? न्हाई इचारली, अण्णा म्हणाले. इचारली आसती तर सांगितली आसती. पाण्याचा तांब्या हातात दिला.

मग ते चांगुणाकडे वळले.

"आमी पाठ फिरवली की मागनं रडणं ऐकू यायचं. वळून बगायची सोय नव्हती. तवाधरनं ते कानात हाय माज्या. काल पयल्यांदा रडणाऱ्याचं तोंड बगितलं." मग त्यांनी विचारलं, "तुजं रोज आसंच आसतं का गं?"

"हो," ती म्हणाली.

"मंग जेवान जात नसंल तुला," असं म्हणून ते उठले आणि तिच्यासाठी तांदळाची पेज करायला बसले. स्टोव्हला पंप मारता मारता त्यांनी दोनदा सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. मी त्या दिवशी चांगुणाच्या डिग्रीचे गुण वाढवले. तिला मात्र सांगितले नाहीत.

त्यानंतरची चार वर्षं तिची बरी गेली. ती आली की अण्णा विचारायचे, आज कुठं हुतीस, कोण गेलं, घरात कोण कोण हाय. ती सांगायची आणि ते ऐकायचे. तिच्या आयुष्यात तिच्याजवळ बसणारं एवढं एकच माणूस होतं. पंच्याण्णव साली अण्णाही गेले, तिच्या हातात हात ठेवून. चाळ जमली, विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, आणि जेवणं आटोपल्यावर सगळे आपापल्या घरी गेले. आम्हीही संध्याकाळी बदलापूरला परतलो, कारण दुसऱ्या दिवशी शाळा होती.

मग टेलिफोन सगळीकडे झाले. आधी कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळे बूथ, मग घराघरांत कनेक्शन. हॉस्पिटलच्या काउंटरवरची मुलगी, पेशंट एक्सपायर हो गया, आ जाओ, एवढं बोलून फोन ठेवायला लागली. नाथापेक्षाही लवकर उरकायचं ते. चांगुणाला आतल्या खोलीत बिलांच्या सवलतीचं काम दिलं. गल्ल्यांतलं तिचं जाणं थांबलं. बायका तिला बघून दचकायच्या थांबल्या, पण तोवर तिला बोलवायची सवयही सगळ्यांची मोडली होती. कोणाचं रेशनकार्ड अडलं, कोणाचा पोरगा पोलिसांनी नेला, तर लोक तिच्या दारात यायचे. काम झालं की जायचे. जिने जन्मभर कोणाच्या घरातून उठायची घाई केली नाही, तिच्या घरात कोणी टेकत नव्हतं.

माझे आईवडील गेले, आमची खोली विकली गेली आणि माझं अंबरनाथला जाणं तुटलं. वर्षातून एखादं पत्र, तेही माझ्याकडून कमी. अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी मी काही ठरवलं नसताना उठले आणि तिच्याकडे गेले. रिक्षा मिळाली नाही, ऊन ऑक्टोबरचं. चालत पोचेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला होता.

तिने दार उघडलं. केस पांढरे व्हायला लागले होते. मला बघून ती इतकी गडबडली की मला आत ये म्हणायचंही विसरली. पाणी देते म्हणाली, मग खुर्ची पुसायला लागली, ती अर्धी सोडून दूध आहे का बघायला गेली, तिथून परत येऊन पंख्याचं बटण शोधायला लागली. घरात पाहुणा आला की काय करायचं असतं, हे ती विसरून गेली होती. मी घामाने भिजलेली, उंबऱ्यात तशीच उभी, माझं डोकं फिरलं.

"चांगुणा," मी म्हणाले, "आधी बस तू."

ती जागच्या जागी थांबली. हातातलं फडकं तिने बाजूला ठेवलं आणि अण्णांच्या खाटेवर ताठ बसली, दोन्ही हात मांडीवर घेऊन.

"सांग," ती म्हणाली. "अर्धवट सांगू नकोस. कोण गेलं?"

तिचं जाण्यासारखं होतं तरी कोण? अण्णा गेले होते. भाऊ नाही, बहीण नाही, नवरा नाही, पोर नाही. धरून-बांधून मी एक होते, आणि मी तर समोर उभी होते. तरी ती माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती, कोणाचं नाव येतंय म्हणून.

"कोणी नाही गेलं," मी म्हणाले. "मी आलेय. सहज."

"काम काय होतं?"

"काही नाही."

तिला ते खरं वाटलं नाही. तिचे हात तसेच मांडीवर राहिले. मी चपला बाहेर काढल्या, आत आले आणि खाटेवर तिच्याजवळ बसले. बोलायला काही सुचत नव्हतं, म्हणून बोलले नाही. थोड्या वेळाने तिचा खांदा हलायला लागला तरी मी काही म्हणाले नाही. मला तिच्याइतकं नीट येत नाही, मी काही तीन वर्षं शिकलेली नाही. पण दिवेलागण होईपर्यंत मी तिथून उठले नाही.